‘ऑर्थोपेडिक्स’ या संज्ञेची पार्श्वभूमी

हाड मोडले किंवा गुडघा बदलायचा झाला की आपण ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जातो. परंतु ही संज्ञा घडवली गेली ती मोडलेल्या हाडांसाठी नव्हे, तर वाढत्या मुलांसाठी. पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेचे अधिष्ठाता राहिलेले निकोला आंद्री यांनी 1741 मध्ये, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, मुलांच्या शरीरातील व्यंगे टाळण्याच्या आणि सुधारण्याच्या कलेवर ग्रंथ लिहिला आणि तिला ‘ऑर्थोपेदी’ हे नाव दिले. ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ आणि ‘पायदिओन’ म्हणजे मूल, या दोन ग्रीक शब्दांपासून ते बनवल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. ‘पेडिक’चा संबंध पायाशी जोडणे त्यामुळे चुकीचे ठरते.

आंद्री शल्यचिकित्सक नव्हते आणि त्यांचा ग्रंथ मुख्यतः आईवडिलांसाठी होता. मुलाने कसे बसावे, टेबल किती उंच असावे, अशा गोष्टींचा विचार त्यात आहे. वाकड्या पायाच्या खोलगट बाजूला लोखंडी पट्टी लावून ती कापडाने बांधावी, असा उपाय ते सुचवतात आणि शेजारी चित्र देतात ते सरळ खुंटाला दोराने आवळून बांधलेल्या वाकड्या रोपट्याचे. पुढे अनेक देशांतील अस्थितज्ज्ञांच्या संघटनांनी हेच चित्र बोधचिन्ह म्हणून स्वीकारले. महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत या विभागाला ‘अस्थिव्यंगोपचार’ म्हणतात. बोजड वाटला तरी त्यातील ‘व्यंग’ मूळ अर्थाशी इमान राखून आहे.

1780 मध्ये झां-आंद्रे व्हेनेल यांनी स्वित्झर्लंडमधील ऑर्ब येथे अशा मुलांसाठी स्वतंत्र संस्था काढली. अस्थिभंग मात्र दीर्घकाळ सामान्य शल्यचिकित्सकांकडे आणि पिढीजात हाडवैद्यांकडेच राहिला. वेल्समधील अशाच एका हाडवैद्य घराण्यात जन्मलेल्या ह्यू ओवेन थॉमस यांनी रीतसर वैद्यकीय शिक्षण घेऊन लिव्हरपूलमध्ये पायाला आधार देणारी चौकट तयार केली. आपल्याकडील रुग्णालयांतही ती ‘थॉमस स्प्लिंट’ या नावाने परिचित आहे. त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड मोडलेल्या सैनिकांसाठी तिचा आग्रह धरला. जोन्स यांनी उभारलेल्या लष्करी रुग्णालयांत शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व मालिश, व्यायाम आणि हातांना काम देणाऱ्या कार्यशाळांना होते. लहान मुलांच्या नावाने सुरू झालेल्या या शाखेत प्रौढांची हाडे, सांधे आणि स्नायू असे सारेच सामावले गेले ते प्रामुख्याने याच काळात, आणि 1918 मध्ये ब्रिटिश ऑर्थोपेडिक असोसिएशनची स्थापना झाली.