ट्यूनिंग बॉक्स लावला म्हणजे रीमॅप झाला नाही

"बॉक्स लाव नाहीतर रीमॅप कर, दोन्ही एकच, पॉवर वाढल्याशी मतलब." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. पॉवर दोन्हींनी वाढते, एवढंच त्यातलं खरं.

बॉक्स बहुतेकांनी पाहिलेला असतो. सेन्सरचा कनेक्टर काढायचा, मध्ये बॉक्स जोडायचा, बॉनेट लावायचं. रीमॅपमध्ये लॅपटॉप लावून ईसीयूतली (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधली) फाइल वाचायची, आतली टेबलं, म्हणजे कधी किती काय द्यायचं त्याचे तक्ते, बदलायची, चेकसम (फाइल पडताळायचा आकडा) जुळवायचा आणि फाइल परत लिहायची. बॉक्स काढला की गाडी पूर्ववत, रीमॅप काढायला मूळ फाइल हाताशी लागते. इथवर कुणी गोंधळत नाही.

गोंधळ पुढे आहे. बॉक्स ईसीयूला नवीन काही शिकवत नाही, तो त्याच्याशी खोटं बोलतो.

कॉमन रेल डिझेल घ्या, म्हणजे रेल नावाच्या एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना जास्त प्रेशरचं डिझेल मिळतं ते इंजिन. ईसीयूला रेलमध्ये १४०० बार प्रेशर हवंय. बॉक्स सेन्सरचा आकडा कमी करून सांगतो, म्हणून ईसीयू प्रेशर वाढवत राहतो आणि त्याला १४०० दिसेपर्यंत प्रत्यक्षात १५४० झालेलं असतं. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा याचा हिशोब मात्र १४०० धरूनच होतो. प्रेशर १० टक्के वाढलं की तेवढ्याच वेळात साधारण ५ टक्के जास्त डिझेल जातं. ईसीयूच्या वहीत एका फवाऱ्याला ६० मिलिग्रॅम, सिलिंडरमध्ये ६३.

आता कुणीतरी स्कॅनर लावतो आणि सांगतो, "बघ, प्रेशर कंपनीचंच आहे, इंजिनवर काही लोड नाही." अरे बाबा, स्कॅनर ईसीयूलाच विचारतो, आणि ईसीयूला कुणी खरं सांगितलंय? दुसरा म्हणतो, बॉक्स लावल्यापासून ॲव्हरेज वाढलं. मीटरवरचं ॲव्हरेज ईसीयूच्या त्याच वहीतून येतं, त्यामुळे ते वाढलेलं दिसणारच. टाकी फुल करा, गाडी चालवा, पुन्हा फुल करा आणि भागाकार करा. मग बोलू.

ऑटोमॅटिक गाडीत तर हे अंगाशी येऊ शकतं. इंजिन किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतंय हे ईसीयू गिअरबॉक्सला कळवतो आणि गिअरबॉक्स त्या आकड्यावरून क्लच किती दाबून धरायचे ते ठरवतो. आकडाच कमी सांगितला तर क्लच ढिले धरले जातात आणि घसरतात. टॉर्क आणि धूर मर्यादेत ठेवणारे टॉर्क लिमिटर, स्मोक लिमिटर वगैरे राखणदार जागच्या जागी असतात, पण त्यांना खरा आकडा दिसत नाही.

नीट केलेल्या रीमॅपमध्ये ही लपवाछपवी नसते. टॉर्कची मर्यादा वाढवली, त्याला पुरेल एवढी हवा आणि डिझेल दिलं, की ईसीयूला स्वतःला ठाऊक असतं आपण काय करतोय. गिअरबॉक्सलाही खरा आकडा जातो.

"नीट केलेल्या" हा शब्द मी मुद्दाम वापरलाय. काही आळशी ट्यूनर बाकी टेबलांना हात न लावता फक्त इंजेक्टर उघडा ठेवण्याच्या वेळेचं टेबल फुगवतात. लिमिटर ६० मिलिग्रॅमवरच राहतो, जातं मात्र जास्त. हा फाइलच्या आत लपवलेला बॉक्सच झाला, आणि मला तो खऱ्या बॉक्सपेक्षा वाईट वाटतो, कारण कनेक्टर ओढून तो काढता येत नाही.

पेट्रोलवाल्यांसाठी एवढंच: हलक्या लोडवर ऑक्सिजन सेन्सर मिश्रण तपासत असतो आणि ईसीयू फ्युएल ट्रिमने (इंधन कमी-जास्त करून) बॉक्सची चलाखी बऱ्याच अंशी खोडून टाकतो. ओबीडी सॉकेटमध्ये (स्कॅनर लावायच्या जागी) खुपसायचं, दिवे लुकलुकणारं स्वस्त डबडं या तुलनेत धरायचंच नाही.

घरी करायचं असेल तर माझं मत रीमॅपच्या बाजूने, पण घाई नको. आधी फक्त लॉगिंग करा, म्हणजे ईसीयूतले आकडे नोंदवून घ्या, मागितलेलं आणि मिळालेलं प्रेशर शेजारी शेजारी बघायला शिका. पहिलं वाचन झालं की मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा. लिहिताना बॅटरीला व्होल्टेज स्थिर धरणारा सप्लाय लावा, साधा चार्जर नको. अर्ध्यात व्होल्टेज पडलं तर ईसीयू ओबीडीवरून उत्तरच देईनासा होऊ शकतो, आणि मग तो खोलून बेंचवर घ्यावा लागतो.