भिजलेली सरकी आणि आपलं यकृत

परतीच्या पावसात कपाशी भिजली की भाव पडतो, हे विदर्भात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ओल धरून बसलेल्या सरकीवर पुढे काय उगवतं, याकडे मात्र फार कोणी बघत नाही. ती सरकी जिनिंगमधून तेलाच्या मिलमध्ये जाते, तिची ढेप होते आणि ढेप गोठ्यात येते. पावसाळ्यात ढेपेचं पोतं भिंतीला टेकून राहिलं, की तुकडा फोडताना कुबट वास येतो आणि आत हिरवट-पिवळी भुकटी दिसते. माणसानं खायची नाही, ढोरांना चालते, असं म्हणून ती भिजत घातली जाते. ही हिरवट भुकटी गोठ्यातच संपत नाही. तिचा शेवटचा हिशोब यकृतात होतो, म्हणून तिच्याबद्दल लिहावंसं वाटलं.

ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची ही बुरशी भुईमूग, मका, सरकी, मिरची यांवर वाढते. ऊब आणि ओल मिळाली की ती अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की कोंबड्या मेल्या, तेव्हा त्याचा छडा लागला. त्यांना घातलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी होती. प्रत्येक बुरशी हे विष बनवत नाही, हे खरं. पण डोळ्यांना बुरशी दिसत नसलेल्या दाण्यातही ते असू शकतं. आणि कुकरच्या उष्णतेनं ते नाहीसं होत नाही.

आता यकृताकडे येऊ. अफ्लाटॉक्सिन पोटात जातं तेव्हा त्याचा स्वभाव बराच सौम्य असतो. आतड्याकडून निघालेलं रक्त आधी यकृतात येतं. तिथल्या पेशींमध्ये सायटोक्रोम पी-४५० या गटातली विकरं (एन्झाइम) असतात. बाहेरून आलेल्या परक्या रसायनाला ऑक्सिजन जोडायचा, म्हणजे पुढे ते पाण्यात विरघळून शरीराबाहेर टाकता येतं, हे त्यांचं काम. औषधाच्या गोळ्यांवरही हीच विकरं काम करतात. अफ्लाटॉक्सिनवर मात्र हा उपचार उलटतो. ऑक्सिजन जोडल्यावर त्याचं एपॉक्साइड हे अतिशय तापट रूप तयार होतं आणि ते जवळ सापडेल त्याला चिकटतं. डीएनएमधल्या ग्वानीन या अक्षराला चिकटलं, तर पेशीच्या पुढच्या पिढीत तिथलं अक्षर चुकतं. म्हणजे खरं जहाल विष यकृत स्वतःच तयार करतं, तेही आपलं रोजचं काम इमानदारीनं करताना.

त्याच पेशीत बचावही असतो. ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू त्या एपॉक्साइडला पकडून निकामी करतो. मोठे उंदीर (रॅट) आणि लहान उंदीर (माऊस) दिसायला भाऊबंद, पण प्रयोगशाळेत वाढवलेल्या मोठ्या पांढऱ्या उंदरांना अफ्लाटॉक्सिननं यकृताचा कर्करोग सहज होतो, लहान पांढऱ्या उंदरांना सहसा होत नाही. लहान उंदरांच्या यकृतात ग्लुटाथायोन जोडणारं विकर फार तत्पर असतं, एवढाच फरक. माणूस या बाबतीत लहान उंदराइतका सुदैवी नाही.

१९९१ साली याचा एक ठसाच हाती लागला. पेशींवर पहारा ठेवणाऱ्या पी-५३ या जनुकात २४९ व्या जागी झालेली एक ठरावीक चूक, हाच तो ठसा. चीनमधल्या चिदोंग भागातल्या यकृताच्या सोळा कर्करोगांपैकी आठांत ती सापडली. जिथे अफ्लाटॉक्सिन अन्नात फारसं नसतं, तिथल्या कर्करोगांत ही चूक क्वचितच दिसते.

आपल्याकडे गावात कुणाचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले की पहिला संशय दारूवर जातो. बऱ्याचदा तो खराही असतो. पण १९७४ च्या शेवटी राजस्थानातलं बांसवाडा आणि गुजरातमधलं पंचमहाल इथल्या आदिवासी गावांत कावीळ आणि जलोदराची लाट आली, तेव्हा कारण वेगळंच निघालं. मक्याला अवकाळी पावसानं बुरशी लागली होती आणि खायला दुसरं काही नव्हतं. दोनशेहून अधिक गावांत मिळून १०६ माणसं दगावली. त्या घरांतली कुत्रीही आजारी पडली, कारण भाकर तीच होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हा तपास १९७५ साली प्रसिद्ध केला.

असा उद्रेक विरळा. रोज थोडं थोडं पोटात जाणं ही मोठी बाब, आणि त्यात हिपॅटायटिस बी हा यकृताला धरणारा विषाणू मिसळला की गणित बदलतं. शांघायमध्ये अठरा हजारांवर पुरुषांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. फक्त अफ्लाटॉक्सिन असलेल्यांत यकृताच्या कर्करोगाचा धोका तिपटीहून थोडा जास्त, फक्त हिपॅटायटिस बी असलेल्यांत सातपट, आणि दोन्ही असलेल्यांत जवळपास साठपट निघाला. बाळ जन्मल्यापासून चोवीस तासांत मिळणारी हिपॅटायटिस बीची लस म्हणूनच मला फार मोलाची वाटते. घरी बाळंतपण झालं तर नेमकी तीच मात्रा हुकते. आशाताईंनी तिची आठवण केली तर टाळू नका.

आता गोठ्याकडे. गायीनं खाल्लेल्या अफ्लाटॉक्सिनपैकी एक-दोन टक्के, भरपूर दूध देणाऱ्या गायीत सहा टक्क्यांपर्यंत, एम-१ या रूपात दुधात उतरतं. ते बदललेलं रूपही गायीच्या यकृतातच घडतं. दूध उकळलं तरी ते जात नाही. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानं देशभर दुधाची पाहणी केली, त्यात ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ मध्ये ते मर्यादेपेक्षा जास्त आढळलं. चाऱ्यात आणि खाद्यात त्याचं मूळ असल्याचं प्राधिकरणानंही सांगितलं. पाणी न घालता, घरच्या गायीचं म्हणून ज्या दुधावर आपण विश्वास टाकतो आणि जे आधी लेकराला देतो, त्याचा थेट संबंध त्या ढेपेशी आहे.

विदर्भासाठी यात आणखी एक धागा आहे. गुलाबी बोंडअळी बोंड पोखरून बाहेर पडते, त्या छिद्रातून ही बुरशी सरकीपर्यंत पोचते. हे अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या कपाशीत दिसून आलं. तिथे याच बुरशीची विष न बनवणारी जात शेतात सोडतात. ती आधी जागा धरते आणि विषारी बुरशीला वाव उरत नाही. फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही राखलेली कपाशी, शेतात ठेवली की बोंडअळीचं चक्र चालू राहतं, हे कृषी विभाग सांगतोच. यकृताचा विचार केला तर ती वेळेवर काढायला आणखी एक कारण मिळतं, आणि कवडी, म्हणजे किडक्या-डागी कापसाची सरकी वेगळी ठेवायलाही.

शेंगदाण्याचं काम घरातच होण्यासारखं आहे. विष सगळ्या पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. मोजक्या दाण्यांत ते खच्चून भरलेलं असतं, आणि ते दाणे बहुधा सुरकुतलेले, काळपट, किडके, साल सुटलेले असतात. सुपात दाणे घेऊन बसलेली बाई ते बाजूला काढते. ते बाजूला काढलेले दाणे घाण्याला किंवा म्हशीला जाऊ नयेत, एवढंच पुढचं पाऊल. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात वीस गावांत हेच करून बघितलं. दहा गावांत शेंगा मातीवर न वाळवता चटईवर वाळवल्या, खराब दाणे निवडले, ज्यूटच्या पोत्यांत भरून लाकडी फळ्यांवर ठेवल्या. उरलेल्या दहा गावांत नेहमीचीच पद्धत चालू राहिली. पाच महिन्यांनी रक्त तपासलं, तर पहिल्या दहा गावांतल्या लोकांच्या रक्तात अफ्लाटॉक्सिनची खूण दुसऱ्या गावांच्या निम्म्याहून कमी होती. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं.

ढेपेचंही तसंच. पोती फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. वास आलेला तुकडा उकिरड्यावर टाकला तरी कोंबड्या तिथे टोचत बसतात, तेव्हा तो पुरलेला बरा. एखाद्या गायीला तशी ढेप आधीच घातली गेली असेल, तर ती थांबवल्यावर तीन-चार दिवसांत तिच्या दुधातलं एम-१ ओसरतं.