दिव्याखालचा अंधार आणि माणिकबागेतली खुर्ची

माणिकबाग रोडवरून आपण इंदूरकर रोज जातो-येतो. ज्या महालामुळे त्या रस्त्याला हे नाव पडलं, तिथे एके काळी खुर्चीच्या अंगातच दिवे बसवलेले होते, हे मात्र शेजारच्या सिग्नलला उभ्या असलेल्यांपैकी क्वचितच कुणाला ठाऊक असेल. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या सुमारास एकार्ट मुथेझियस या जर्मन वास्तुरचनाकाराकडे महालाचं काम सोपवलं. राजे तेव्हा जेमतेम बाविशीचे आणि हा पठ्ठ्या पंचविशी नुकती ओलांडलेला. त्यानं नुसता महाल बांधला नाही, खुर्च्या आणि दिवेसुद्धा स्वतः आखले. ग्रंथालयासाठी त्यानं लाल आरामखुर्च्या केल्या, वाचायचे दिवे अंगातच असलेल्या. पुस्तक उघडायचं आणि बसल्या जागी बटण दाबायचं. १९८० मध्ये त्या महालातल्या सामानाचा मोनॅकोत लिलाव झाला, आणि वास्तूत केंद्रीय कर खात्याची कचेरी आली.

खुर्चीत दिवा म्हणजे आज काही मोठी गोष्ट नाही. पण त्याआधी हजारो वर्षं कुणालाही हे जमलं नसतं, आणि त्याचं कारण एवढंच की ज्योत नेहमी वरच जाते. तेल खाली, वात वर, आणि तेलाच्या भांड्याची सावली बुडाशी. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आपण कायम माणसांना चिकटवतो, मुळात ती गाऱ्हाणं मांडते ते दिव्याचं. ते दूर करायला आपल्या कासारांनी आणि ओतकाम करणाऱ्यांनी काय काय केलं ते देवघरातच बघा. समईला उंच दांडा दिला, वातींसाठी चोची काढल्या. लामणदिवा साखळीनं टांगला. आकाराला याहून जास्त मोकळीक नव्हती, म्हणून सगळी हौस साखळीच्या कड्यांत, मोरा-पोपटांत, हत्तींत गेली. काही लामणदिव्यांत तर पक्ष्याच्या पोकळ पोटात तेल भरलेलं असतं. खालच्या पात्रातलं तेल पक्ष्याच्या पोटाला असलेल्या भोकाच्या खाली उतरलं की पोटात हवा शिरते आणि तेवढंच तेल खाली येतं. पातळी वर आली की हवा बंद, तेलही बंद. रात्री उठून तेल घालायची दगदग वाचली. मला विचाराल तर जुन्या दिव्यांतली सगळ्यात हुशार कल्पना हीच, आणि तिच्याकडे बघणारे बहुतेक जण मोराच्या पिसाऱ्याचंच कौतुक करून पुढे जातात.

राजवाड्यांनी वेगळा मार्ग काढला: दिवेच इतके लावायचे की सावलीला जागाच उरू नये. ग्वाल्हेरच्या जयविलासमधल्या दरबार हॉलची दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांच्या आसपास. ती टांगण्याआधी छत पेलेल का हे बघायला वर हत्ती चढवले होते, असं तिथे गेलेल्या प्रत्येकाला सांगतात.

रॉकेल आलं आणि मध्यमवर्गीय घरांत कंदील आला. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील मराठी घरांत इतका रुळला की नाव घेतलं की आकार डोळ्यांसमोर यायचा. संध्याकाळी काच पुसायचं काम लहान मुलांकडे, कारण मोठ्यांचा हात आत जात नसे.

मग विजेचा बल्ब. तो उलटा टांगता येतो, आडवा बसतो, खुर्चीच्या अंगातही शिरतो. दिव्याखालचा अंधार गेला, पण उजेड थेट डोळ्यांत घुसायला लागला. पोल हेनिंगसन हा डेन्मार्कचा माणूस रॉकेलच्या मऊ उजेडात वाढलेला. उघड्या बल्बचा त्याला असा वैताग आला की १९२० च्या दशकात त्यानं एकाखाली एक तीन छत्र्या लावून दिवा केला. टेबलाशी बसल्यावर बल्ब दिसत नाही, दिसतो तो फक्त त्याचा उजेड. १९३२ मध्ये जॉर्ज कार्वर्डिन या इंग्रज मोटार-इंजिनिअरनं स्प्रिंगवर तोललेल्या हाताचा दिवा काढला. ड्रॉइंगशीटवर रात्री काढलेल्यांना तो वेगळा सांगायला नको. इटलीच्या कास्टिलिओनी बंधूंची अडचण आपल्या भाडेकरूंच्या ओळखीची आहे: जेवणाच्या टेबलावर उजेड हवा, पण छताला भोक पाडायचं नाही. १९६२ मध्ये त्यांनी संगमरवराच्या ६५ किलोच्या ठोकळ्यातून पोलादी कमान काढून तिच्या टोकाला दिवा टांगला. ठोकळा हलवायचा कसा? त्यात एक आरपार भोक ठेवलं, झाडूचा दांडा घालून दोघांनी उचलायला. त्याच वर्षी त्यांनी मोटारीचा हेडलाइट उभ्या दांड्यावर बसवून घरात आणला.

मराठी माणसाला सगळ्यात जवळचा वाटावा तो इसामू नोगुची या जपानी-अमेरिकन शिल्पकाराचा दिवा. १९५१ पासून त्यानं जपानमधल्या गिफूत बांबूच्या काड्या आणि हातकागदाचे दिवे करवले. घडी घातली की चपटे होऊन खोक्यात मावणारे. म्हणजे आपला आकाशकंदीलच की! इंदुरात दिवाळीत मराठी घर कुठलं हे अजूनही गॅलरी बघून कळतं. रामबागेत आमच्या वाड्यात काड्यांच्या सांगाड्याला खळीनं पतंगाचा कागद लावायचे, आणि बल्ब काठाला टेकला की दुसऱ्या दिवशी कागदाला तपकिरी डाग.

तो डाग आता पडत नाही. जुन्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेतच जायची. एलईडी त्या मानानं बराच थंड. पांढऱ्या एलईडीचं अडलेलं काम १९९० च्या दशकात निळ्या एलईडीमुळे सुटलं, आणि त्यासाठी तिघा जपानी वंशाच्या संशोधकांना २०१४ चं नोबेल मिळालं. आज बाजारात लोणच्याच्या बरणीचे, भोपळ्याचे, सायकलच्या चाकाचे, कापडाचे दिवे दिसतात, ते एलईडी फारसा तापत नाही म्हणून.

गेल्या वर्षी मी आजीच्या पितळी तांब्याला भोकं पाडून आत एलईडी बसवला. आषाढातल्या दिव्याच्या अवसेला काकूनं घरातल्या समया, निरांजनं, लामणदिवा चिंचेनं घासून पाटावर मांडले. शेवटी तांब्याही आणला. वायर पाटाखाली दडवली, हळदीकुंकवाचं बोट पुढे केलं आणि थांबली.

“अरे, ह्याची वात कुठेय रे?”

मी प्लगकडे बोट दाखवलं. तिनं तांब्याच्या गळ्यालाच कुंकू लावलं.