टर्मिनलवरील आउटपुट : मांडणी आणि लॉग

कमांड-लाइनवरून, म्हणजे टर्मिनल या मजकुराच्या खिडकीत आज्ञा टाइप करून, चालणारा प्रोग्रॅम पडद्यावर जो मजकूर छापतो त्याची रचना, म्हणजे ओळी, स्तंभ, रंग इत्यादी, आणि चालू असताना काय काय घडले याची तो स्वतंत्रपणे ठेवतो ती क्रमवार नोंद, म्हणजे लॉग, या दोन्हींचा येथे एकत्र विचार केला आहे. पडद्यावरचा मजकूर समोर बसलेल्या माणसासाठी असतो. वाचून झाला की त्याचे काम संपते. लॉग नंतर वाचला जातो, बहुधा काहीतरी बिघडल्यावर आणि पुष्कळदा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्याच कोणाकडून. हे दोन वाचक वेगळे आहेत हे सुरुवातीलाच ध्यानात घेतले, तर पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात. उदाहरणांसाठी एक छोटा प्रोग्रॅम कल्पिला आहे : तो रत्नागिरी, मालवण व वेंगुर्ले या बंदरांच्या भरती-ओहोटीच्या वेळा पडद्यावर दाखवतो आणि धक्क्यावरच्या मापकाने दिलेली पाण्याची पातळी दर दहा मिनिटांनी लॉगमध्ये लिहितो. कोकणातली गावांची नावे आणि तिथला पावसाळा, दोन्हींमुळे या विषयातल्या अडचणी ठळकपणे दिसतात.

तीन प्रवाह व त्यांचा उगम : युनिक्स ही संगणक-प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) व तिच्या वंशातील प्रणालींत प्रत्येक प्रोग्रॅमला मजकूर आत-बाहेर नेणारे तीन प्रवाह तयार मिळतात. क्रमांक ० वर इनपुट, १ वर आउटपुट आणि २ वर एरर. पहिले दोन आरंभीच्या काळापासूनचे आहेत. तिसऱ्याच्या जन्माविषयी, युनिक्स जिथे घडली त्या बेल प्रयोगशाळेतील दोघांच्या दोन आठवणी आहेत आणि त्या पूर्णपणे जुळत नाहीत. स्टीफन जॉन्सन यांच्या सांगण्यानुसार निमित्त घडले ते फोटोटाइपसेटरचे (छपाईसाठी अक्षरे प्रकाशाने कागदावर उमटवणारे यंत्र). या यंत्रातून निघालेला लांब कागद रसायनात धुऊन काढावा लागे, त्यात काही मिनिटे जात, आणि शेवटी हाती यायची ती सुबक अक्षरांत छापलेली एकच ओळ : अमुक फाइल उघडता आली नाही. एका दुपारी अनेकांवर हीच पाळी आली, तक्रारी झाल्या, आणि थोड्याच दिवसांत एररचा स्वतंत्र प्रवाह अवतरला.

डग्लस मॅक्‌इलरॉय यांनी मात्र कारण पाइपमध्ये शोधले आहे. १९७३ मध्ये पाइप आल्यावर एका प्रोग्रॅमचे आउटपुट थेट दुसऱ्याच्या इनपुटात जाऊ लागले व चुकांचे संदेशही त्याबरोबर वाहून जाऊ लागले. पुढच्या प्रोग्रॅमला तो संदेश म्हणजे विदाच (डेटा) वाटे. तरीही मूळ रचनेचा साधेपणा मोडू नये म्हणून युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीपर्यंत (१९७५) हे चालवून घेतले गेले आणि त्यानंतर लवकरच डेनिस रिची यांनी तिसरा प्रवाह आणला, असे ते म्हणतात. सातवी आवृत्ती १९७९ ची. तेव्हा १९७५ ते १९७९ हा कालखंड, त्यातही त्याचा पूर्वार्ध, धरायला हरकत नसावी. दोन्ही आठवणींत खरा विरोध आहे असे नाही. टाइपसेटरची घटना निमित्त म्हणून पटते, पण एखाद्या यंत्रापुरती अडचण त्या यंत्रापुरत्या उपायानेही सुटली असती. सर्व प्रोग्रॅमांना लागू होणारा बदल करावा लागला तो पाइपमुळे, हे मॅक्‌इलरॉय यांचे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य दिसते.

व्यवहारात याचा अर्थ इतकाच की वेळापत्रक क्रमांक १ वर जावे आणि ‘मापकाशी संपर्क तुटला’ हा संदेश २ वर. मग कोणी वेळापत्रक फाइलीत वळवून घेतले, तरी त्या फाइलीत फक्त वेळाच उतरतात.

ऐंशी स्तंभ, चोवीस ओळी : टर्मिनलचे हे रूढ माप कुठून आले याविषयी तीन मते आहेत. पहिले मत आयबीएमच्या १९२८ च्या ऐंशी स्तंभांच्या छिद्रित कार्डाकडे बोट दाखवते. ऐंशीपुरते ते ठीक, पण त्यातून चोवीस ओळींचा उलगडा होत नाही. दुसरे मत स्मृतीच्या किमतीवर भर देते : २४ × ८० म्हणजे १,९२० अक्षरे २,०४८ च्या साठ्यात मावतात. परंतु पंचवीस ओळी घेतल्या तरी २,००० च होतात आणि त्याही मावतात. १९८१ च्या आयबीएम पीसीने पंचवीसच ओळी घेतल्या. तिसऱ्या मतानुसार बाजाराने हे माप ठरवले. सत्तरच्या दशकाच्या आरंभी मापांचा मेळ नव्हता : टेलिटाइप ३३ या कागदावर छापणाऱ्या यंत्राची ओळ ७२ अक्षरांची, डेक या संगणक कंपनीच्या व्हीटी०५ (१९७०) या टर्मिनलवर ७२ स्तंभ व २० ओळी, व्हीटी५० वर ८० स्तंभ पण १२ च ओळी. आयबीएमच्या ३२७० मालिकेचा (१९७१) चोवीस ओळी-ऐंशी स्तंभांचा पडदा खपला व इतरांनी तेच माप धरले. डेकचे व्हीटी५२ (१९७५) आणि व्हीटी१०० (१९७८) त्याच मापाचे निघाले. हे तिसरे मत अधिक सयुक्तिक वाटते, मात्र ऐंशीचा आकडा आयबीएमकडे मुळात कार्डावरूनच आला असणार. आज खिडकीची रुंदी हवी तशी बदलते व प्रोग्रॅमला ती प्रणालीकडून विचारून घेता येते. तरी ओळ ऐंशीच्या आत ठेवण्याचा प्रघात टिकून आहे.

देवनागरी मजकुराचे स्तंभ : मराठी वापरणाऱ्याच्या दृष्टीने या विषयातला हा सर्वांत अवघड भाग आहे आणि परदेशी संदर्भग्रंथांत त्याला जेमतेम जागा मिळते. टर्मिनलचा पडदा समान चौकटींचा असतो आणि एका अक्षराला एक चौकट हे गृहीतक रोमन लिपीवरून आलेले आहे. ‘रत्नागिरी’ आणि ‘वेंगुर्ले’ ही दोन नावे घेऊन पाहू. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांतील चिन्हांना एकेक संकेत (क्रमांक) देणाऱ्या मानकात, हलन्त, काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात. त्या हिशेबाने दोन्ही नावे नऊ-नऊ संकेतांची आहेत. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइटांचा, म्हणून दोन्ही सत्तावीस बाइटांची. डोळ्यांना मात्र एका नावात चार अक्षरे दिसतात (र-त्ना-गि-री) आणि दुसऱ्यात तीन (वें-गु-र्ले).

टर्मिनलचा हिशेब आणखी निराळा. कोणत्या संकेताला किती चौकटी लागतात हे सांगणाऱ्या, मार्कुस कून यांच्या प्रसिद्ध रुंदी-फलनात उकार, मात्रा, अनुस्वार व हलन्त यांना शून्य चौकटी आहेत, पण काना आणि दोन्ही वेलांट्यांना एकेक चौकट आहे. त्यामुळे ‘रत्नागिरी’ आठ चौकटी घेते, ‘वेंगुर्ले’ चारच, आणि ‘मालवण’ पाच. आता गावाच्या नावासाठी बारा चौकटींचा स्तंभ ठरवला, तर सी भाषेतील प्रिंटएफ ही छापण्याची आज्ञा बाइट मोजते; तिन्ही नावे बारा बाइटांहून मोठी असल्याने ती एकही मोकळी जागा सोडत नाही व भरतीची वेळ नावाला चिकटून छापली जाते. पायथन ही भाषा संकेत मोजते. ती रत्नागिरीपुढे तीन, वेंगुर्ल्यापुढे तीन आणि मालवणपुढे सात जागा सोडते. पडद्यावर स्तंभ अनुक्रमे अकरा, सात व बारा चौकटींचे होतात आणि वेळांची रांग वाकडी दिसते.

यावर सर्वमान्य तोडगा अद्याप नाही. काही अलीकडच्या लायब्ररी (इतर प्रोग्रॅमांनी वापरायचे तयार संच) काना-वेलांटीलाही शून्य धरतात. त्या मोजणीने रत्नागिरी पाचच चौकटींची होते. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ ने ‘त्ना’सारखी जोडाक्षरे एक अक्षरगट मानण्याचा नियम घातला, परंतु अक्षरगटाला पडद्यावर किती चौकटी द्यायच्या हे त्याने ठरवलेले नाही. शिवाय काही टर्मिनले अक्षरे जुळवतच नाहीत व ऱ्हस्व वेलांटी ‘ग’च्या आधी न येता पुढे उमटते. मजकूर छापून कर्सर कुठे पोचला हे टर्मिनललाच विचारणे आणि तेवढी उणीव भरून काढणे, ही पद्धत अचूक ठरते, पण आउटपुट फाइलीत जात असेल तर तिचा उपयोग नाही. सर्वांत भरवशाचा मार्ग साधा आहे : वेळ, उंची हे आकड्यांचे स्तंभ आधी छापावेत आणि देवनागरी नाव ओळीच्या शेवटी ठेवावे. नावाच्या रुंदीचा मग कशावरच परिणाम होत नाही.

रंग : व्हीटी१०० ने लोकप्रिय केलेले नियंत्रण-संकेत ईसीएमए-४८ या मानकात (पहिली आवृत्ती १९७६) आढळतात. एस्केप हे सत्तावीस क्रमांकाचे अक्षर, मग चौकोनी कंस, मग आकडा व शेवटी m. ३१ ने अक्षरे लाल होतात, ० ने पूर्ववत. उधाणाची (मोठी) भरती लाल व भांगाची (लहान) साधी दाखवणे उपयोगी आहे, पण ‘उधाण’ हा शब्दही छापावा, कारण रंग सर्वांना सारखा दिसत नाही. आउटपुट टर्मिनलकडे जात नसेल तर रंग घालू नयेत. नाहीतर हे संकेत फाइलीत कचऱ्यासारखे उमटतात. तीच गोष्ट एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा छापल्या जाणाऱ्या टक्केवारीची. वापरणाऱ्याला रंग नको असल्यास तसे कळवण्याचा एक सामाईक संकेत २०१७ पासून रूढ होत आहे.

लॉग : एरिक ऑलमन यांनी ऐंशीच्या दशकात सेंडमेल या ईमेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी केलेला सिसलॉग हा आजच्या बहुतेक लॉगपद्धतींचा पूर्वज. त्यात तीव्रतेच्या आठ पायऱ्या आहेत, ० (आणीबाणी) ते ७ (डीबग, म्हणजे दोष शोधण्यासाठीचा तपशील). ही रूढी २००१ मध्ये आरएफसी (इंटरनेटविषयक दस्तऐवज) ३१६४ ने लिहून ठेवली व २००९ मध्ये आरएफसी ५४२४ ने तिला मानकाचे रूप दिले. २००३ च्या पायथन २.३ पासून त्या भाषेत लॉगची सोय अंगभूत आहे. तिथे पायऱ्या पाचच आहेत आणि छोट्या प्रोग्रॅमाला त्या पुरतात.

प्रत्येक ओळीत वेळ हवीच, आणि ती वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने. म्हणजे ओळी नुसत्या अक्षरक्रमाने लावल्या तरी कालक्रम साधतो. वेळेसोबत +०५:३० हा जागतिक वेळेपासूनचा फरकही लिहावा. १५ जुलैच्या पहाटे दोनची भरती जागतिक वेळेनुसार १४ जुलैच्या रात्री साडेआठला पडते; फरक लिहिला नसेल, तर भरती आदल्या दिवशीची समजली जाते. कोकणात लागोपाठच्या दोन भरत्यांत साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे साडेपाच तासांची चूक सहज नजरेत येत नाही व भरतीच्या जागी ओहोटी वाचली जाण्याचा धोका राहतो. लॉगमधले आकडे इंग्रजी ठेवावेत. ‘१२’ हा देवनागरी आकडाही पायथन संख्या म्हणून वाचते, परंतु शून्य ते नऊ अशी इंग्रजी अंकांची कक्षा देऊन ग्रेप या शोध-साधनाने शोध घेतला तर देवनागरी आकडे सापडत नाहीत.

बफर व वीज : आउटपुट टर्मिनलकडे जात असते तेव्हा ते ओळीओळीने बाहेर पडते. फाइलीकडे वळवले की ते स्मृतीतल्या तात्पुरत्या जागेत, म्हणजे बफरमध्ये, साठते आणि सहसा ४,०९६ किंवा ८,१९२ बाइट भरल्यावरच लिहिले जाते. ओळ १५० बाइटांची धरली, तर ४,०९६ बाइटांत सत्तावीस ओळी मावतात. दर दहा मिनिटांना एक ओळ या गतीने लाइट जाताच शेवटच्या साडेचार तासांपर्यंतच्या नोंदी जाऊ शकतात, आणि वादळात नेमक्या त्याच मोलाच्या असतात. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले, तेव्हा रायगड व उत्तर रत्नागिरीतील कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात होती. म्हणून प्रत्येक नोंदीनंतर बफर रिकामा करावा. त्यानंतरही मजकूर काही काळ, लिनक्सवर साधारण अर्ध्या मिनिटापर्यंत, कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) स्मृतीत राहतो. तो तत्काळ डिस्कवर हवा असल्यास प्रणालीला एफसिंक ही आज्ञा द्यावी लागते. दहा मिनिटांना एकदा एफसिंक केल्याने वेग कमी होत नाही. दूरच्या संगणकावर जोडणी करून प्रोग्रॅम चालवला असेल आणि नेटवर्क गेले, तर टर्मिनलबरोबर प्रोग्रॅमही बंद पडतो. नोहप किंवा टीमक्स या साधनांनी ते टळते.

सुरक्षा व साठवण : बाहेरून आलेला मजकूर लॉगमध्ये जसाच्या तसा उतरवू नये. डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेली लॉगफोरशेल ही त्रुटी यातलीच : जावा भाषेतील लॉगफोरजे ही लॉग लिहिणारी लायब्ररी संदेशातल्या मजकुरालाच सूचना समजून अमलात आणत होती. फाइलीच्या आकाराचा अंदाज आधी बांधावा. वरील गतीने दिवसाला १४४ ओळी होतात व वर्षाची फाइल ८ एमबीच्या आत राहते, म्हणून जुन्या फाइली बाजूला काढत राहण्याची गरज नाही. तीच ओळ दर सेकंदाला लिहिली, तर दिवसाला सुमारे १३ एमबी, म्हणजे वर्षाला ४.७ जीबी होतात. तेव्हा मात्र लॉगरोटेटसारख्या साधनाने फाइली तारखेनुसार तोडून दाबून ठेवाव्या लागतात.