ध्रुवतारा सर्वांत तेजस्वी नाही

ध्रुवतारा आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. ते चूक आहे. तो मान व्याधाचा. ध्रुव पहिल्या चाळिसांतही नाही. त्याचं महत्त्व आहे जागेचं. पृथ्वीचा अक्ष जवळजवळ त्याच्याच दिशेने रोखलेला, म्हणून तो हलताना दिसत नाही.

फळ्यावर आकृती काढून हे मुलांना पटत नाही, आणि त्यात मुलांचा दोष नाही. तारांगणाच्या घुमटाखाली अख्खी रात्र दोन-तीन मिनिटांत डोक्यावरून फिरते. सगळे तारे सरकतात. उत्तरेचा एक मध्यम ठिपका तेवढा जागच्या जागी. मग घरी गच्चीवर शोधायचा: मुंबईत क्षितिजापासून १९ अंशांवर, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींएवढा वर.