माळ्यावरच्या बाईचं खरं नाव

शार्लट ब्राँटे यांच्या 'जेन एअर' या कादंबरीत (1847) नायिका जेनचं लग्न ऐन चर्चमध्ये मोडतं आणि नवरदेव रॉचेस्टर सगळ्यांना घरी नेऊन तिसऱ्या मजल्यावरची एक खोली उघडून दाखवतो. आत त्याची पहिली बायको, बर्था. अंधारात काहीतरी मागे-पुढे धावतंय, ते जनावर आहे की माणूस हे पाहताक्षणी कळत नाही, असं जेन सांगते. बर्थाची हकिकत आपल्याला कळते ती नवऱ्याच्या तोंडून: जमैकाची मुलगी, क्रिओल (म्हणजे कॅरिबियन बेटांवरच जन्मलेली) आई, तीस हजार पौंड हुंडा, घराण्यातच वेड. शेवटी ती घर पेटवते आणि छतावरून उडी घेते. जेनच्या लग्नातली अडचण दूर होते.

एखाद्या गाजलेल्या कादंबरीतलं दुय्यम पात्र उचलायचं आणि तीच गोष्ट त्याच्या बाजूने सांगायची, हा आज चांगलाच रुळलेला प्रकार आहे. त्याचा मोठा टप्पा म्हणजे या खोलीचं दार आतून उघडणारी जीन रीस यांची 'वाइड सारगॅसो सी' (1966).

रीस यांचा जन्म 1890चा, कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावरचा. वडील वेल्श डॉक्टर, आई तिथेच जन्मलेल्या गोऱ्या क्रिओल घराण्यातली. या घराण्याचे मळे गुलामांच्या कष्टावर उभे होते. सोळाव्या वर्षी त्या इंग्लंडला आल्या, तेव्हा त्यांच्या बोलण्याच्या ढबीची तिथे टिंगल झाली. बेटावर गोऱ्या म्हणून परक्या, इंग्लंडात बेटावरच्या म्हणून परक्या. बर्थाचं चित्रण वाचून त्यांना आलेला राग या दुहेरी परकेपणातून आला होता. 1939नंतर त्या साहित्यविश्वातून इतक्या दिसेनाशा झाल्या की त्या वारल्या असाच अनेकांचा समज होता. ही कादंबरी आली तेव्हा त्यांचं वय 76 होतं.

रीस यांनी गोष्टीसाठी काळ निवडला तो गुलामगिरी संपल्यानंतरचा. 1833च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने भरपाईपोटी 2 कोटी पौंड मंजूर केले, तेही मालकांना. ज्यांनी राबवून घेतलं त्यांना पैसे, जे राबले त्यांना छदामही नाही. कादंबरीतलं कुलिब्री इस्टेटीवरचं घर या उद्ध्वस्त काळातलं आहे. तिथल्या लहानग्या आंत्वानेतला एके दिवशी चाफ्याखाली आईचा घोडा मरून पडलेला दिसतो. कुणीतरी विष घातलेलं, डोळे माश्यांनी काळे झालेले. पुढे जमाव घर पेटवतो. सावत्र बापाने पंख छाटलेला पोपट उडू पाहतो आणि पेटलेल्या पिसांसह खाली कोसळतो. 'जेन एअर'मधली ती छतावरची उडी ज्याने वाचली आहे, त्याच्या पोटात इथे गोळा येतो.

ही आंत्वानेत म्हणजेच बर्था. 'बर्था' हे नाव नवरा तिच्यावर लादतो, आणि त्या नवऱ्याला रीस यांनी आख्ख्या पुस्तकात नावच दिलेलं नाही. मूळ कादंबरीची एक ओळही न बदलता तिचा न्याय फिरवणारी याहून नेमकी खेळी मला माहीत नाही.

आपल्याला कर्णाच्या बाजूने महाभारत ऐकण्याची सवय आहे, त्यामुळे यात नवं काय, असं वाटू शकतं. पण महाभारत पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं, ते कुणा एकाचं नाही. इथे एका लेखिकेने छापून पूर्ण केलेल्या गोष्टीला दुसरी लेखिका उलटतपासणीला उभं करते.

ही वाट पुढे रुंदावली. दक्षिण आफ्रिकेचे लेखक जे. एम. कोएत्झी यांची 'फो' (1986) 'रॉबिन्सन क्रूसो'कडे वळली. अल्जेरियाच्या कामेल दाऊद यांनी 2013मध्ये फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूच्या 'द स्ट्रेंजर' कादंबरीतल्या खून झालेल्या निनावी अरबाला नाव आणि भाऊ दिला. पर्सिव्हल एव्हरेट यांच्या 'जेम्स'ने (2024) मार्क ट्वेनच्या कादंबरीतल्या हक फिनसोबतच्या गुलाम जिमला बोलतं केलं आणि 2025चं पुलित्झर हे अमेरिकी पारितोषिक मिळवलं.

1985मध्ये समीक्षक गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी मात्र रीस यांच्याच कादंबरीतल्या एका दारावर बोट ठेवलं. आंत्वानेतला सांभाळणारी काळी क्रिस्टोफिन नवऱ्याला तोंडावर सुनावते. मग लिहिता-वाचता येत नाही, पण इतर गोष्टी मला ठाऊक आहेत, एवढं बोलून मागे वळून न पाहता निघून जाते. कादंबरी तिच्यामागे जात नाही.