सशाचे नियंत्रण-प्रतिपिंड

प्रतिरक्षा-अवक्षेपणाच्या (प्रतिपिंडाच्या साहाय्याने मिश्रणातून एखादे प्रथिन वेगळे काढण्याच्या) प्रयोगात विशिष्ट प्रतिपिंडाच्या जागी तितक्याच वजनाने वापरले जाणारे, अभ्यासविषय असलेल्या प्रथिनाशी संबंध नसलेले सशाचे इम्युनोग्लोब्युलिन जी (आयजीजी). प्रतिपिंड धरून ठेवणाऱ्या सूक्ष्म मण्यांना किंवा प्रतिपिंडाच्या स्थिर भागाला जी प्रथिने प्रतिजन-बंधाशिवाय, म्हणजे प्रतिपिंडाने लक्ष्य म्हणून न ओळखताच, चिकटतात, त्यांचे प्रमाण यावरून कळते.

प्रतिपिंडांमुळे होणारे अवक्षेपण रूडॉल्फ क्राउस यांनी १८९७ मध्ये नोंदविले होते. प्रचलित पद्धत मात्र स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूच्या भित्तीतील प्रोटीन ए या प्रथिनावरून आली. ते आयजीजीच्या स्थिर भागाला बांधले जाते, असे फोर्सग्रेन व शोक्विस्ट यांनी १९६६ मध्ये दाखविले आणि १९७५ मध्ये केसलर यांनी या जीवाणूच्या स्थिरीकृत पेशीच अवक्षेपणासाठी वापरल्या. सशाचे आयजीजी प्रोटीन ए ला घट्ट धरते, उंदराच्या आयजीजीचे काही उपप्रकार तसे धरत नाहीत.

नियंत्रण कोणते घ्यावे याबद्दल एकवाक्यता नाही. उंदराच्या प्रतिपिंडांसाठी ‘समप्रकार नियंत्रण’ ही संज्ञा नेमकी आहे, कारण तेथे उपप्रकार जुळवावा लागतो. सशात आयजीजीचा उपप्रकार मुळात एकच असल्याने ती बरीचशी नाममात्र उरते. अनेक सशांच्या रक्तरसांतून शुद्ध केलेले मिश्र आयजीजी सोयीचे असले, तरी प्रत्येक प्राण्याच्या रक्तरसात पूर्वसंसर्गांतून उद्भवलेले प्रतिपिंड असतातच, आणि म्हणून अशुद्ध प्रतिरक्तरस (लसीकरण केलेल्या सशाचा प्रतिपिंडयुक्त रक्तरस) वापरताना त्याच सशाचा लसीकरणपूर्व रक्तरस अधिक ग्राह्य ठरतो. एककृंतकी (एकाच पेशीच्या वंशातून आलेल्या) प्रतिपिंडासाठी असंबद्ध लक्ष्याचा एककृंतकी प्रतिपिंड हीच जवळची तुलना होय. तथापि विशिष्ट प्रतिपिंड स्वतःच दुसऱ्या एखाद्या प्रथिनाला ओळखत असेल, तर यांपैकी कोणतेही नियंत्रण ते उघड करीत नाही. त्यासाठी लक्ष्य-जनुक काढून टाकलेल्या पेशींवर तोच प्रतिपिंड वापरणे अधिक निर्णायक मानावे लागते.

विकृतीकरण करून घेतलेल्या वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिने वजनानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने शोधण्याच्या चाचणीत) आयजीजीच्या जड साखळीचा पट्टा सुमारे ५० व हलक्या साखळीचा सुमारे २५ किलोडाल्टनवर दिसतो. शोधासाठीही सशाचाच प्रतिपिंड घेतल्यास त्या वजनाचे लक्ष्य-प्रथिन या पट्ट्यांखाली झाकले जाते. विशिष्ट प्रतिपिंड व नियंत्रण अशा दोन्ही स्तंभांत हे पट्टे सारखे आले, तर प्रतिपिंडाचे प्रमाण सारखे होते याला पुष्टी मिळते, एवढा त्यांचा उपयोग आहे. क्रोमॅटिन (डीएनए व प्रथिने यांचे संकुल) अवक्षेपणात नियंत्रणाला लागून येणारा डीएनए फार थोडा असल्यामुळे त्याच्याशी काढलेले गुणोत्तर अस्थिर होते. म्हणून अवक्षेपणापूर्वीच्या मूळ अर्काच्या टक्केवारीतही निष्कर्ष द्यावेत.